दमट हवेत १६ किलोमीटरनंतर पोटरीत गोळे येतात, मदत हवी आहे

गेल्या रविवारी रत्नागिरीजवळ २१.१ किलोमीटरची शर्यत धावलो. पहिले १० किलोमीटर ६२ मिनिटांत पूर्ण झाले, परंतु १६ व्या किलोमीटरनंतर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि सव्वादोन तासांचे लक्ष्य असताना २ तास ४८ मिनिटे लागली. चार महिने पहाटे उठून केलेल्या सरावानंतर हा निकाल मनाला फार लागला.

किनाऱ्यावरील हवेत आर्द्रता जास्त असल्याने घाम नीट सुकत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी दर तीन किलोमीटरला पाणी घेतले, आदल्या दिवशी शहाळे आणि मीठ घातलेले कोकम सरबतही घेतले. सराव आठवड्यातून चार दिवस असतो, त्यातील एक दिवस आरे-वारेच्या चढावर आणि सर्वात लांब धाव १८ किलोमीटरची. भाट्याच्या ओल्या वाळूवर धावणे मात्र पोटऱ्यांवर ताण येतो म्हणून बंद केले आहे. बूट जुने नाहीत. वय ४३ असून रक्तदाब व साखर तपासून घेतली आहे, दोन्ही ठीक आहेत.

पुढची शर्यत दहा आठवड्यांनी याच पट्ट्यात असून, नोकरीमुळे पाचवा दिवस काढणे शक्य नाही. शर्यतीत केवळ पाण्याऐवजी ओआरएस घ्यावे का, घेतल्यास तासाला किती, की दोष सुरुवातीच्या वेगाचा आहे आणि पहिले १० किलोमीटर नेमके किती मिनिटांत धावावेत?