मदत हवी आहे: नाताळच्या कार्डांवर ठशाची शाई फासली जाते, लाल कागदावर पांढरा ठसा उठत नाही

नमस्कार. मी बेळगावात, कॅम्पच्या बाजूला राहते. घरी शिवणकाम करते. रविवारी दुपारी गल्लीतली नऊ-दहा मुलं माझ्याकडे जमतात. काही मराठी बोलणारी, काही कन्नड, आणि दोन घरं खानापूरकडून आलेली, कोकणी बोलणारी ख्रिस्ती. त्या दोन घरांमुळेच गेल्या वर्षीपासून आम्ही हाताने नाताळची कार्डं करायला लागलो. विकायची नसतात. आमच्या आजूबाजूला एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच आहेत, मुलं कुणाची पुण्याला, कुणाची बंगळूरला, कुणाची आखातात. 24 तारखेला संध्याकाळी पोरं स्वतः दारोदार जाऊन कार्ड हातात देतात.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढी का विचारतेय ते कळेल. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानातून कापून उरलेला जाड, चकचकीत कागद आणला होता. ठसे मुलांनी खोडरबरावर कोरले आणि शाई घेतली ऑफिसच्या जांभळ्या स्टॅम्प पॅडची. कार्डं चार दिवस आधी तयार होती, एकावर एक रचून ठेवली. शेजारच्या आज्जींनी कार्ड उघडलं, चष्मा नव्हता म्हणून अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "कुणाचं नाव गे बाळ हे? दिसंना झालंय." अंगठ्यावर जांभळा डाग, कार्डावर लांबट फराटा. चार दिवसांनंतरही शाई ओलीच! ते कार्ड केलेली मुलगी आठ वर्षांची, तिथून सरळ घरी गेली. मला ते अजून लागून राहिलंय.

या वर्षी 40 कार्डं करायची आहेत आणि नक्षी मुलांनीच शोधलीय. एकीच्या आजीचं इरकल लुगडं माझ्याकडे फॉलला आलं होतं. त्याचा पदर तुम्ही पाहिला असेल, लालभडक, आणि त्यात पांढरी नक्षी, कंगव्याच्या दातांसारखी टोकं. पोरगी म्हणाली, "अक्का, हे तर नाताळचेच रंग की!" तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तेच. लाल कागदावर पांढऱ्या ठशांनी पदराची नक्षी उठवायची, तो कागद कापून कार्डाच्या तोंडावर डकवायचा आणि मध्ये चांदणी. बाजारात भेटवस्तू गुंडाळायचा नक्षीचा कागद मिळतो, पण तो फार पातळ, आणि ही नक्षी त्यावर कुठून मिळणार?

अडचणी अशा. शाई वाळत नाही. पांढऱ्या पोस्टर रंगात ठसा बुडवून पाहिला तर रबरावर रंगाचे थेंब गोळा होतात आणि कागदावर ठिपक्या-ठिपक्यांचा ठसा उठतो. वरचा कागद फेविकॉलने चिकटवला की फुगतो, सुरकुत्या पडतात. आणि घडी घातली की घडीवर कागद तडकून पांढरी रेघ दिसते. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरूर सांगा. महागडी मशिनं घेणं जमणार नाही.

प्रतिसाद

ताई, मी निपाणीचा, पत्रिका छापण्याचाच धंदा आहे. तुमच्या शाईचा दोष नाही, कागदाचा आहे. ऑफिसच्या पॅडची शाई पॅड सुकू नये अशीच केलेली असते, त्यात ग्लिसरीनसारखं द्रव्य असतं. ती हवेने वाळत नाही, कागदात मुरते तेव्हा वाळली असं आपण म्हणतो. चकचकीत आर्ट कार्डावर मातीसारखा गुळगुळीत लेप असतो, त्यात ती मुरणार कशी? चार दिवस काय, महिनाभर ठेवलं तरी बोटाला लागेल. दुकानात कागद घेताना कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तो कागद नको, हळूहळू आत ओढला गेला तर घ्या. बिनलेपाचा 250 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम भरणारा, मागा.

घडीचं. कागदाला लाकडासारखा रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, असतो. कागद न मोडता दोन्ही दिशांनी नुसता वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी घ्यायची. उलट घेतली की तडकणारच. ए-फोर कागद आडवा कापून दोन भाग केले की प्रत्येक भागाचं एक कार्ड होतं, 20 कागदांत तुमची 40 कार्डं. पण कापण्याआधी रेषा बघा, नाहीतर सगळी घडी उलटी येईल. घडीच्या जागी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने दाबून एक रेघ ओढा, मगच दुमडा.

प्रतिसाद

मी चंदगडकडे चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. इरकलीच्या पदराची कल्पना वाचून फार आनंद झाला.

खोडरबराचा वरचा पापुद्रा गुळगुळीत असतो म्हणून रंग गोळा होतो. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर (बारीक काचकागदावर) ठसा अगदी हलका दोन-तीन वेळा घासा. आणि ठसा रंगात बुडवू नका. ताटलीत जाडसर रंग, त्यावर स्पंजचा तुकडा टेकवायचा, त्या स्पंजने ठशावर रंग थोपटायचा. कागदाखाली जुन्या मासिकाची गादी ठेवा, कडक टेबलावर ठशाचा मधला भाग टेकत नाही. लाल कागदावर साधी ठशाची शाई चालणारच नाही, ती पारदर्शक असते. झाकणारा रंगच हवा, पोस्टर किंवा अॅक्रिलिक. अॅक्रिलिक वाळायच्या आत ओल्या फडक्याने ठसा पुसा, नाहीतर कोरलेल्या खाचा बुजतात.

अक्षरं कोरायची असतील तर ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने लिहून तो कागद पालथा रबरावर दाबा, अक्षरं आपोआप उलटी उतरतात. पण "शुभेच्छा"मधलं च्छ लहान मुलांच्या हाताने कोरून निघणार नाही. तेवढा एक रबरी शिक्का शिक्केवाल्याकडून करून घ्या. चांदणी, घंटा, गव्हाण हे मुलांना कोरू द्या.

फेविकॉलमध्ये पाणी असतं, त्याने पातळ कागद फुगतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. ती परवडत नसेल तर ग्लू स्टिक फक्त कडांना, आणि वर रात्रभर जाड पुस्तकं.

प्रतिसाद

नक्षी उठवायचा लाल कागद 12 इंची चौरस मिळाला तर 9.5 बाय 13.8 सेंटिमीटरचे सहा तुकडे निघतात, कार्डाला चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर पांढरी कड राहते. 40 कार्डांना सात कागद पुरतील. एखादं कार्ड पोस्टाने पाठवणार असाल तर वजनाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो. 250 जीएसएमचं एक कार्ड आठ ग्रॅमच्या आसपास भरतं, नक्षीचा तुकडा आणि लिफाफा धरूनही बसतं. मणी-टिकल्या मात्र नकोत.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गणपत गल्लीतून तीन प्रकारचे कागद आणले आणि मुलांना थेंबाची परीक्षा घ्यायला लावली. दोन नापास, एक पास. लाल कागदावर स्पंजने थोपटून पहिला ठसा मारला. दातांची रांग अख्खी उठली, एक टोकही तुटलं नाही. दहा मिनिटांनी गेल्या वर्षीच्या त्याच मुलीने आपला अंगठा जोरात घासून पाहिला. अंगठा कोरडा.

एका मुलाने विचारलं की पहिलं कार्ड कुणी पाठवलं. मला माहीत होतं ते सांगितलं: लंडनच्या हेन्री कोल यांनी 1843 साली हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून काढून घेतलं, हजारेक प्रती, एका कार्डाला एक शिलिंग. मध्ये जेवणारं कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देणारी माणसं. पोरांना ती बाजूची चित्रं फार आवडली, आता त्यांना आत तसंच काहीतरी काढायचंय.

एक शेवटचं विचारते. दोन शिक्के करून घेणार आहे, "नाताळच्या शुभेच्छा" आणि कन्नडमधून "क्रिसमस हब्बद शुभाशयगळु". ज्यांना कार्डं द्यायची त्यातल्या चार-पाच जणांना जवळचं नीट दिसत नाही. अक्षर किती मिलिमीटर उंच ठेवू?