मदत हवी आहे: फराळाच्या जाहिरातीसाठी भरवशाचा आकडा कोणता धरू?

नमस्कार मंडळी. बहिणीचा आणि माझा सांगलीत घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. यंदा दिवाळीच्या जाहिराती अंदाजपंचे न करता आकडे बघून ठरवायच्या आहेत.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती चालवायचं मेटाचं अ‍ॅड्स मॅनेजर, सेटिंग बदललं नाही तर, क्लिकनंतर ७ दिवसांत किंवा जाहिरात नुसती दिसल्यावर १ दिवसात आलेली ऑर्डर स्वतःच्या खात्यात धरतं. गूगल अ‍ॅनालिटिक्स (वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं) त्याच ऑर्डरचं श्रेय भलत्यालाच देतं. आणि बऱ्याचशा ऑर्डरी तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'ताई, भाजणीची चकली आहे का?' अशा येतात. त्या दोन्हीकडे नाहीतच! गूगल ट्रेंड्सवर 'अनारसे' टाकलं की ० ते १०० असा तुलनात्मक आलेख मिळतो, प्रत्यक्ष किती जणांनी शोधलं ते नाही. त्यावरून माल किती भरायचा? एजन्सीवाले फक्त रीच, म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली ते, दाखवतात. रीचवर तेलाचा डबा येत नाही हो.

तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरी नेमक्या कुठून आल्या याची नोंद तुम्ही कशी ठेवता? प्रत्येक जाहिरातीला वेगळा कूपन कोड, की सरळ विचारून वहीत लिहायचं? पुण्या-मुंबईचा कुरिअर खर्च वेगळा पडतो, म्हणून शहरवार हिशेब हवाय. स्वतः करून पाहिलेलंच सांगा, कोर्सच्या लिंका नकोत.