तक्रार ‘निकाली’ निघाली, पण काम झालं का? नाशिककरांनो, अनुभव सांगा

धागा सुरू करणारी, गंगापूर रोड

नमस्कार मंडळी. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर खोदकाम सुरू आहे आणि पाणी, ड्रेनेज, रस्ते, दिवे याबद्दलच्या तक्रारी रोज कानावर येतात. तक्रार कुठे नोंदवायची हे आता बहुतेकांना माहीत आहे. ॲप आहे, ‘आपले सरकार’ आहे, सहा विभागीय कार्यालयं आहेत. मला ऐकायचंय ते त्याच्या पुढचं. पाहणीला कोण आलं? काय लिहून गेलं? शेवटी काम हललं ते कशामुळे?

माझं ठाम मत आहे की तक्रारीचा जीव स्थळ पाहणीच्या अहवालात असतो. तो नीट लिहिला गेला तर काम होतं, नाहीतर नुसता शेरा पडतो. तुमचं मत वेगळं असेल तर तेही लिहा. एकच विनंती: अधिकाऱ्याचं, ठेकेदाराचं किंवा कार्यालयाचं नाव नको. आपल्याला वाट शोधायची आहे, कोणाची धिंड काढायची नाही.

निवृत्त शिक्षिका

आमच्या गल्लीत नळाला घाण पाणी येत होतं. दिवसभर नाही, फक्त पाणी सुटल्यावरची पहिली बादली. तिला गटाराचा वास यायचा, तळाशी काळपट गाळ बसायचा. नंतरचं पाणी स्वच्छ. त्यामुळे दुपारी कोणी तपासायला आलं की ‘पाणी व्यवस्थित आहे’ असा शेरा मारून जायचं आणि तक्रार बंद व्हायची. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

शेवटी अर्जात स्पष्ट लिहिलं की पाहणी पाणी सुटायच्या वेळीच करावी, आणि ती गल्लीच्या शेवटच्या घरी करावी. आवक क्रमांक टाकून, शिक्का मारून पोच घेतली. या वेळी आलेल्या मुलाने आमच्या समोर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची चाचणी केली. काचेच्या छोट्या नळीत पाणी घेतलं, द्रावणाचे थेंब टाकले. गल्लीच्या तोंडाशी पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. आमच्या नळाच्या पाण्याला रंगच आला नाही. शेवटच्या नळालाही दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मी त्याला म्हटलं, बाळा, हे दोन्ही निकाल अहवालात लिही, घर क्रमांकासकट. त्याने लिहिले.

त्यानंतर मात्र खोदायची जागा शोधावी लागली नाही. दोन घरांच्या मधोमध जिथे पाण्याची लाइन ड्रेनेजखालून जात होती तिथेच खोदलं. जुनं जीआयचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचं कनेक्शन गंजून चाळण झालं होतं आणि वर चेंबर झिरपत होता. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि बाहेरचं सांडपाणी आत ओढलं जातं, म्हणून पहिलीच बादली घाण. कनेक्शन बदललं, चेंबर दुरुस्त झाला. खड्डा मात्र मुरूम टाकून तसाच सोडला, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी वाट बघू नका. पाणी उकळा आणि आरोग्य विभागाकडे जंतू तपासणीसाठी नमुना घ्यायला सांगा. तो नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. आपण घरच्या बाटलीत नेलेलं पाणी पुरावा म्हणून टिकत नाही.

एका नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता होतो, आता सिडकोत राहतो

बाईंनी फार मोलाचं लिहिलंय. आतल्या बाजूचं थोडं सांगतो. तक्रारीत ‘आमच्या भागात पाणी नीट येत नाही’ असं असलं की माणूस मुख्य लाइनचा दाब बघतो आणि परत जातो. ‘अमुक घरापासून पुढे दाब नाही, आधी आहे’ असं लिहिलं तर तो थेट त्या व्हॉल्व्हपाशी जातो. दिव्याच्या तक्रारीत खांबाचा नंबर टाका. ड्रेनेजला चेंबर कोणत्या घरासमोर आहे, पाणी उलटं कुठून येतं, हे लिहा.

आणि एका अर्जात एकच विषय. पाणी, कचरा, कुत्री, अतिक्रमण सगळं एकत्र लिहिलं तर अर्ज चार खात्यांत फिरतो आणि एक खातं उत्तर देऊन मोकळं झालं की अख्खा अर्ज निकाली निघतो.

अंबडला कंपनीत कामाला

आमचा अनुभव छोटा आहे. कंपनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दिवे बंद होते. रात्रपाळीच्या बायकांना तिथून चालत जावं लागायचं, म्हणून आम्ही चिकाटीने तक्रारी केल्या. दरवेळी ‘हद्दीत येत नाही’ असं उत्तर. मग आम्ही विचारणं बदललं आणि माहिती अधिकारात अर्ज केला: हद्दीत येत नसेल तर कोणाच्या येते ते लेखी कळवा. माहिती अधिकाराच्या कायद्यात सोय आहे, अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. असा फिरून आलेला कागद हातात आल्यावर मालक कोण ते ठरलं आणि दिवे लागले. नाशिकमध्ये एक रस्ता महापालिकेचा, पुढचा एमआयडीसीचा, त्यापुढचा महामार्गाचा, तेव्हा आधी मालक शोधा.

पंचवटी, किराणा दुकान

दुकानासमोर नवा डांबरी रस्ता पहिल्याच पावसात उखडला. तक्रार केली की खडी टाकून बुजवायचे आणि परत तेच. मी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाकला: कार्यादेशाची (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशाची) प्रत, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) पानं आणि दोषदायित्वाचा कालावधी. शिवाय अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी मागितली. तो हक्क कायद्यातच आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केलं. सुनावणीत कागद मिळाले.

दोषदायित्वाची मुदत संपलेली नव्हती. म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची होती, आपल्या करातून नाही. तेवढंच एका पानावर लिहून, कागद जोडून अर्ज दिला. रस्ता सोलून पुन्हा केला. माझं सगळ्यांना सांगणं आहे, खड्ड्याचे फोटो काढाच, पण कागदही मागा.

धागा सुरू करणारी

दादा, हे सगळ्यांनी जपून ठेवावं असं आहे. ज्यांचं काम दाखल्याचं किंवा नवीन नळजोडणीचं अडलंय, त्यांच्यासाठी रस्ता वेगळा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदत चुकली तर दोन अपिलं कार्यालयातच करता येतात, तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र अर्जाची पोच घेतलेली नसेल तर मुदत मोजणार कुठून?

नाशिक रोड

लोकशाही दिनाबद्दल कोणी लिहिलं नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिका आयुक्तांसमोर तक्रारींची सुनावणी होते, तोच हा दिवस. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी द्यायचा. तक्रार वैयक्तिक हवी, कोर्टात चालू असलेलं प्रकरण घेत नाहीत. आमच्या सोसायटीचा अर्ज ‘सामूहिक’ म्हणून परत आला होता. मग ज्यांच्या घरात ड्रेनेजचं पाणी शिरत होतं त्या एका काकांनी स्वतःच्या नावाने दिला आणि सुनावणी झाली. वरिष्ठांसमोर ‘पाहणी केली’ एवढं सांगून भागत नाही, काय दिसलं ते सांगावं लागतं.

इंदिरानगर

माझ्या आईचा खड्ड्यात दुचाकी घसरून हात मोडला. खड्डा दुसऱ्याच दिवशी बुजवला आणि आम्हाला वाटलं विषय संपला. दवाखान्याचा खर्च मागता येतो का? कोणी सांगेल का?

वकील, जुनं नाशिक

ताई, मागता येतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलबाबत स्पष्ट आदेश दिलाय. मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, दुखापतीला तिच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. शहरात दावा ठरवणाऱ्या समितीत महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. दावा केल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे.

खड्डा बुजवला म्हणून हक्क जात नाही, पण पुरावा तुम्हालाच उभा करावा लागेल. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर ‘खड्ड्यात पडून’ अशी नोंद आहे का ते बघा. पोलीस ठाण्यात नोंद केली नसेल तर करून घ्या. ज्यांनी आईंना उचललं त्यांचे जबाब लिहून ठेवा. त्या जागेचा आधीचा फोटो किंवा कोणा शेजाऱ्याची जुनी तक्रार मिळाली तर उत्तमच, कारण खड्डा माहीत असूनही बुजवला नव्हता हे त्यातून दिसतं. अर्ज विधी सेवा प्राधिकरणात द्या, जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय आहे. महिलांना तिथे वकीलही मोफत मिळतो. कोर्टात भरपाईचा दावा लावायची वेळ आलीच, तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे एक महिन्याची नोटीस लागते आणि सहा महिन्यांची मुदत असते. म्हणून अपघाताची तारीख मला कळवा, बाकी अर्जाचा मसुदा मी करून देतो.