पहिलीच मोटरहोम, निघण्याआधी काय तपासू?

प्रश्न: जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतली आहे. आम्ही दोघं आणि लेक लांबच्या प्रवासाला निघणार आहोत. दिवे, पंप, गॅस सगळं चालतंय, तरी धाकधूक आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: टायरपासून. नक्षी शाबूत दिसली तरी विश्वास ठेवू नका. या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात आणि रबर जागच्या जागी कडक होतं. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. भेगा दिसल्या तर बदलाच, तिथे काटकसर नको. मग सामान आणि माणसांसकट गाडी वजनकाट्यावर न्या, पुढच्या-मागच्या आसाचं वजन वेगवेगळं घ्या. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो! मी टाकी गरजेपुरतीच भरून निघते.

उत्तर २: छतावरच्या एसीसकट उंची स्वतः मोजा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. वळताना मागचं टोक बाहेर फेकलं जातं, त्याचा सराव मोकळ्या मैदानात करा.

प्रश्नकर्ता: आभार. आतले दिवे-पंप चालवणारी बॅटरी लेड-ॲसिड आहे, कितपत वापरू?

उत्तर १: चार्ज निम्म्याखाली उतरू देऊ नका, बॅटरी लवकर खराब होते. आणि लेक सोबत आहे म्हणून कळकळीने सांगते, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी बसवा. त्या विषारी वायूला वास नसतो. गाडी धावत असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा.