अनुभव धागा: नागपुरात रात्री नाचायला जाणारी पोरं कमी झाली का?

लक्ष्मीनगरची मावशी

विशी-पंचविशीची मुलं आता नाइटक्लबात जात नाहीत, असं बाहेरच्या देशांतून सारखं ऐकू येतंय. ब्रिटनमध्ये 'प्रिझम' नावाचे क्लब चालवणारी रेकॉम ही कंपनी जानेवारी २०२४ मध्ये डबघाईला आली आणि तिची १७ ठिकाणं एकदम बंद झाली. पण लंडन-लीड्सचं गणित आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणून नागपूरकरांनी आपापला अनुभव लिहावा असं वाटलं.

माझं मत आधीच सांगते. आमच्या वेळी, म्हणजे मी कॉलेजात असताना, डिस्कोत जाणं हे मोठं झाल्याचं लक्षण होतं. घरी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते सांगायचं आणि सदरच्या बाजूला जायचं. चोरून जाण्यातच अर्धी मजा होती. माझी भाची आईला लाइव्ह लोकेशन पाठवून जाते, आणि दोन-चारदा गेल्यावर तिला कंटाळाही येतो. तिच्या मित्राचा वाढदिवस परवा बेसा रोडच्या टर्फवर रात्री बाराला साजरा झाला, बॉक्स क्रिकेट खेळत. मला हे आवडतं. तरी एक गोष्ट खटकते. टर्फवर, गच्चीवर, फार्महाउसवर तीच आपली दहा माणसं असतात. अनोळखी लोकांच्या गर्दीत नाचायची सवय सुटली तर मुलांचं काहीतरी कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

जागांची नावं नका लिहू. स्वतः पाहिलेलं, केलेलं लिहा.

कन्सोलमागचा

२०१३ पासून या शहरात डीजे म्हणून वाजवतोय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

सुरुवातीला आठवड्याचे तीन दिवस भरायचे: बुधवारची लेडीज नाइट, शुक्रवार आणि शनिवार. आता शनिवार भरतो. शुक्रवारी टेबलं भरतात, नाचायचा फ्लोअर भरत नाही. हा फरक बाहेरून कळत नाही, कारण मालकाचा गल्ला ठीक असतो. पण लोक बसलेले असतात. माझ्या ओळखीच्या दोन जागांनी फ्लोअर निम्मा करून तिथे सोफे टाकले. पैसा जेवणात आहे, नाचणाऱ्या माणसाकडून काय मिळणार? तो पाणी मागतो.

मधल्या काळात बरंच घडलं. २०१८ मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली, तेव्हा लाउंजमध्ये बसणारं एक मोठं गिऱ्हाईक गेलं. मग कोरोना. ज्या मुलांनी १८-१९ व्या वर्षी पहिल्यांदा यायला हवं होतं ती घरात बसली, आणि नंतर आली ती थेट टेबल बुक करून. २०२३ च्या नोव्हेंबरात परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं. मेन्यू कार्डावरचे आकडे बघून मलाच कसंतरी होतं.

वेळही बदलली. पूर्वी साडेनऊपासून पोरं यायची, मी माहोल सावकाश चढवत न्यायचो, अकराला जोर यायचा. आता साडेअकराच्या आत कोणी येत नाही आणि दीडला दिवे लावावेच लागतात. दोन तासांत चढवायला वेळ कुठला? पहिल्या मिनिटापासून हिट. फर्माईशही तोंडानं होत नाही. फोनच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत गाण्याचं नाव लिहून डोळ्यांसमोर धरतात. गाणं लागलं की रील काढतात, ठेका पडला की टेबलावर परत. उरलेलं गाणं कोणाला नको असतं, म्हणून मीही आता पूर्ण गाणं वाजवत नाही. याचं मला वाईट वाटतं.

पण पोरांना नाचायचंच नाही, हे मला कोणी सांगू नये. माझं घर लग्नांवर चालतं. संगीत, हळद, वरात. त्याच वयाची मुलं-मुली लॉनवर तीन-तीन तास नाचतात, मावश्या-आत्यांसमोर, घामानं निथळत, आणि फोन आईच्या पर्समध्ये ठेवलेले असतात. तिथे कोणी अंगावर येणार नाही, बिल येणार नाही आणि घरी कसं जायचं हा प्रश्न नाही. म्हणजे नेमकं काय नकोसं झालंय ते आम्ही क्लबवाल्यांनी यातून ओळखायला हवं होतं.

इतवारीवाला

कमी कुठं झालं भाऊ? शनिवारी वर्धा रोडले जाऊन पाहा, गाडी लावाले जागा भेटत नाही. ३१ डिसेंबरचं त बोलूच नका.

एक गोष्ट इथं कोणी लिहिली नाही. वर्ध्यात दारूबंदी हाये. गडचिरोलीत १९९३ पासून हाये. तिकडची पोरं गाडी काढून नागपूरले येतात, खाऊन-पिऊन नाचून इथंच रूम घेऊन झोपतात. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती, तेव्हा त आणखी येत होती. नागपूर हे एवढ्या मोठ्या इलाक्याचं एकच मोठं शहर. इथले कमी झाले तरी बाहेरचे येऊनच राहिले.

मी स्वतः दर शनिवारी जातो. दिवसभर दुकानात गिऱ्हाईकाशी भाव करून डोकं उठते. बापासमोर, काकासमोर, नोकरासमोर नीट राहा लागते. तिथं मले कोणी ओळखत नाही. मोठ्यानं गाणं लागलं की डोक्यातला हिशोब थांबते. याच्यात वाईट काय हाये? पोरं टर्फवर जातात त जाऊ द्या, पण क्लबले जाणाऱ्याले बिघडलेला समजणं बंद करा.

मिहानची नाइट शिफ्ट

वय २३, विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग क्षेत्रात नोकरी, मूळची यवतमाळची, मनीषनगरात तिघींच्यात फ्लॅट. पगार हातात २६ हजार.

एका शनिवारचा हिशोब देते. कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे, १५००, जे खाण्यापिण्यात वळतं करून मिळतं. मी दारू घेत नाही. एक मॉकटेल आणि एक पनीर टिक्का यातच ते संपतं आणि पोट भरत नाही. परतीची कॅब वेगळी, कारण मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते आणि दीड वाजता ऑटोवाला म्हणेल ती किंमत. तेवढ्या पैशांत आम्ही तिघी पेंचला जाऊन आलो.

मुलींना प्रवेश फुकट असतो ना, असं विचारतात. हो, कधीकधी असतो. एकट्या मुलांना दारात अडवतात आणि आम्हाला हसून आत सोडतात, ते आमच्यावर उपकार म्हणून नाही. आम्ही आत दिसलो की मुलं पैसे भरून येतात. हे एकदा लक्षात आलं की त्या फुकट प्रवेशाचा राग येतो. एका ठिकाणी फ्लोअरवर मागून एकानं कंबरेला हात लावला. बाउन्सरला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्या बाजूला नाचा ना." त्या बाजूला म्हणजे स्पीकरच्या मागे. आम्ही बिल देऊन निघालो.

वयाचंही नीट समजून घ्या. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतात. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीचा कल्याणीनगरचा अपघात झाला, त्यानंतर दारात आधार कार्ड बारकाईनं बघू लागले. माझ्या बरोबरीच्या निम्म्या मुलामुलींना कायद्यानं तिथे फार काही करता येत नाही. कायदा बरोबरच आहे, पण दारूशिवाय रात्रीचं नाचायचं ठिकाण शहरात मला तरी सापडलं नाही.

सध्या आवडतं ते असं: धरमपेठेतल्या एका कॅफेत रविवारी सकाळी अकराला डीजे होता. कॉफी, खिडकीतून ऊन, टेबलं भिंतीला सरकवलेली. साठेक माणसं, त्यात एक काकू नऊवारीत, बहुधा मंदिरातून थेट आलेल्या. मी दोन तास नाचले आणि दीडला घरी वरण-भात खाल्ला. कोणी हात लावला नाही.

मेडिकलचा निशाचर

आमच्या होस्टेलची रात्र म्हणजे चहा, आणि पहाटे तर्री पोहे. क्लबला पैसे नाहीत, वेळ नाही.

पण कॅज्युअल्टीत ड्यूटी केली की शनिवारची रात्र वेगळी दिसते. दोन-अडीचनंतर दुचाकीवाले यायला लागतात, हेल्मेट नसलेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रामझुला पुलावर भरधाव कारच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण गेले, तेव्हापासून आमच्या बॅचमध्ये नियम आहे: जो कोणी एक घोटही घेईल तो गाडी चालवणार नाही, आणि त्यावर वाद होणार नाही. मुलं कमी जात असतील तर डॉक्टर म्हणून मला आनंद आहे.

श्प्रेकाठची नागपूरकर

मी बर्लिनमध्ये राहते, माहेर प्रतापनगर. क्लबची राजधानी म्हणतात त्या गावातलं सांगते.

श्प्रे नदीच्या काठावर, ओबरबाउम पुलाशेजारी वॉटरगेट नावाचा क्लब होता. काचेच्या भिंतीतून नदी दिसायची. २००२ मध्ये सुरू झाला आणि २०२४ च्या शेवटच्या रात्रीनंतर बंद झाला. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनच्या टेक्नो संगीताला जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली होती. त्याआधी २०२१ मध्ये इथल्या संसदेनं क्लबांना करमणुकीची दुकानं न मानता सांस्कृतिक जागा मानावं असा ठराव केला होता. मान मिळाला, पण भाडं, वीज, पगार आणि विम्याचे दर त्यानं खाली आले नाहीत.

इथले विद्यार्थी पूर्वी महिन्यातून अनेकदा जायचे, आता एखादाच मोठा फेस्टिवल ठरवून पैसे साठवतात. दारू न पिणारे खूप वाढलेत. एक चांगली पद्धत मात्र नागपूरनं घ्यावी. बऱ्याच क्लबांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. पहिल्यांदा गेले तेव्हा हात चाळवला, अर्ध्या तासानं विसरले. आपल्याला कोणी बघत नाही, उद्या कुठे आपला व्हिडिओ फिरणार नाही, या खात्रीनं अंग किती मोकळं होतं हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. डीजेदादांनी लिहिलेल्या लग्नाच्या लॉनवर आईच्या पर्समधले फोन वाचून मला हेच आठवलं.

शंकरनगरचे आजोबा

आमच्या इमारतीसमोर एक जागा आहे. नियम २००० सालापासून आहे की रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर नाही. गच्चीवर वाजवतात तेव्हा माझ्या पलंगाखालची फरशी थरथरते. नाचा, पण दारं-खिडक्या बंद करून. एवढंच.

नाव नको

मी गे आहे. हे नागपुरात लिहितोय, म्हणून नाव नको.

वर सगळे म्हणताहेत की घरी, गच्चीवर, टर्फवर, लग्नात मजा येते. ज्यांचं घर त्यांना स्वीकारतं त्यांचं हे खरं आहे. मला चुलत भावाच्या संगीतात नाचता येतं, पण जसा आहे तसा नाही. बहिणी ओढून एखाद्या मुलीशेजारी उभं करतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा निकाल दिला, समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही, त्यानंतर काही महिन्यांनी एका लाउंजनं एका रविवारची संध्याकाळ आमच्यासाठी ठेवली होती. जाहिरात नाही, फक्त एकमेकांना फोन. मी आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाचा हात धरून अनोळखी माणसांसमोर नाचलो. सावजी भोजनालयात काम करणारा एक मुलगा होता, एक बँकेतला होता, एक ट्रान्स ताई होत्या ज्यांनी सगळ्यांना पाणी पाजलं. एरवी हे लोक एका खोलीत कधी आले असते?

अशा संध्याकाळी पुढे काही झाल्या आणि मग थांबल्या. जागेनं सांगितलं, टेबलं कमी लागतात, परवडत नाही. आता ॲपवर भेटतात सगळे, दोघं-दोघं. मिहानच्या ताईंचा राग मला पूर्ण पटतो. पण क्लब नको म्हणण्यापेक्षा चांगला क्लब मागा, अशी माझी विनंती आहे. काही लोकांना दुसरी खोलीच नाही.

लक्ष्मीनगरची मावशी

'नाव नको' यांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मला जे खटकत होतं ते मी नीट मांडू शकले नव्हते, तुम्ही मांडलंत. आभारी आहे.

कन्सोलमागचा

एक ठोस विचारतो. मला एक मालक रविवारची दुपार द्यायला तयार आहे, चार ते आठ. दारू बंद, फक्त किचन. तिकीट ३०० च्या आत बसवता येईल. मी पूर्ण गाणी वाजवीन. याल का?

मिहानची नाइट शिफ्ट

येईन, पण माझ्या अटी लिहून घ्या. फ्लोअरवर लक्ष ठेवायला बाई हवी, आणि तक्रार आली की बाहेर काढायचं तक्रार करणाऱ्या मुलीला नाही, त्या माणसाला. मुला-मुलींना तिकीट सारखंच. पाणी फुकट. कॅमेऱ्यावर स्टिकर. आठला संपलं की मेट्रो मिळते, तेव्हा आठ म्हणजे आठ.

नाव नको

आणि कोणी कोणासोबत नाचावं हे दारात विचारायचं नाही.

कन्सोलमागचा

लिहून घेतलं. मालकाशी गुरुवारी बोलतो, मग इथेच कळवतो.

इतवारीवाला

रविवारी आमचं दुकान बंद राहते. मी पण येतो, काकाले घेऊन येऊ का? त्याले नाचाचा लय शौक हाये.