दूरच्या दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ : आपले अनुभव लिहा

नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर आणि प्रत्यक्ष प्रवासाला लागणारा वेळ यांचा मेळ सहसा बसत नाही. लांब पल्ल्याचा विमानप्रवास केलेल्यांनी, तसेच या क्षेत्रात काम केलेल्यांनी, हा फरक का पडला ते येथे लिहावे. सुरुवात मी करतो. लॉस एंजेलिसहून टोकियोला जाताना समोरच्या पडद्यावर आमचा मार्ग उत्तरेकडे, अल्यूशियन बेटांच्या दिशेने, कमानीसारखा वळलेला दिसत होता. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला, की तो नेमका त्याच बाजूला सरकतो. गोलावरचा हा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर मात्र वाकडा दिसतो.

*

मी उड्डाण-नियोजनाचे काम करत असे. आम्ही अंतराआधी वारा पाहायचो. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरचा वेगही ओलांडतो. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना लागतो त्यापेक्षा परतीच्या प्रवासाला तासभर तरी जास्त लागतो, अंतर तेच असले तरी. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण २०१६चे आहे. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० किलोमीटरवर गेले, आणि तरीही पाठीशी वारा असल्यामुळे प्रवासाचा वेळ कमी झाला. नियोजनाचे सगळे सार त्या एका निर्णयात आहे, असे मी मानतो.

*

हेलसिंकी-टोकियो हा प्रवास पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द बंद झाल्यानंतर मी आईला घेऊन त्याच मार्गाने गेले, तेव्हा विमानाने उत्तर ध्रुवाकडून वळसा घेतला आणि सुमारे तेरा तास लागले. आईच्या पायांना सूज येते, म्हणून ती थोड्या थोड्या वेळाने उठून, आसनांच्या पाठी धरत, मागच्या दारापर्यंत चालून येई. ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी जुन्या आठवणीवर न विसंबता आजचा वेळ पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

*

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. टोकियोहून संध्याकाळी निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरते, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत बदलून मगच वजाबाकी करावी.

*

वेळापत्रकातला कालावधी विमान फाटकापासून सुटल्यापासून दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर फाटक मिळेपर्यंतची वाट हे सारे त्यात धरलेले असते. निव्वळ अंतरावरून काढलेल्या अंदाजात यातले पुष्कळसे सुटते. पुढचे विमान पकडायचे असेल, तर वेळापत्रकातलाच आकडा धरून त्यात तपासणीच्या रांगेचा वेळ वेगळा मिळवावा.