चोपड्याचं शेत क्यूजीआयएसमध्ये मालदीवजवळ समुद्रात दिसतं, ब्लेंडरमध्ये रेषा थरथरतात: नेमकं कुठे चुकतंय?

प्रश्न: पाटचारी

राम राम मंडळी. कम्युनिटी कॉलेजचा एक वर्षाचा डिप्लोमा चालू आहे. ऑटोकॅड (संगणकावर आराखडे काढणं), क्यूजीआयएस (नकाशे) आणि ब्लेंडर (त्रिमितीय चित्रं-ॲनिमेशन) असे तीन विषय, आणि शेवटच्या प्रोजेक्टला तिन्ही एकत्र. चोपडा तालुक्यातलं केळीचं एक शेत टेपने मोजून कॅडमध्ये काढायचं, त्यात ठिबकची आखणी दाखवायची, ते उपग्रह चित्रावर बसवायचं आणि ३० सेकंदांचं ॲनिमेशन करायचं.

शेत साधारण चौकोनी आहे, लांबी अंदाजे ५९० फूट, रुंदी २९५ फूट. अडचणी अशा:

१) कॅडची डीएक्सएफ फाइल क्यूजीआयएसमध्ये घेऊन सीआरएस (निर्देशांक पद्धत) ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएम झोन ४३, दिला, तर शेत मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात दिसतं.
२) क्षेत्र १७.४१ हेक्टर येतं. सातबारावर १ हेक्टर ६२ आर आहे.
३) वर्गातल्या एकाने शेत कसंबसं जागेवर बसवलं आणि तीच फाइल ब्लेंडरमध्ये घेतली, तर त्याच्या रेषा वाकड्यातिकड्या होऊन थरथरतात.
४) रेंडर (ॲनिमेशनची चित्रं तयार होणं) किती वेळ घेईल? लॅबमध्ये लाइटचा भरवसा नाही.

सर म्हणतात, तिन्ही विषय वेगवेगळे शिकलात म्हणून असं होतंय. नेमकं काय सुटलंय ते सांगा.

उत्तर १: आरेखक_धुळे

आधी क्षेत्राचं बघू, कारण त्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. १७.४१ ला १.६२ ने भागा. १०.७५ येतं. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट असतात. म्हणजे नकाशा फुटांत काढलाय आणि क्यूजीआयएसने तेच आकडे मीटर समजून वाचलेत. कॅडला फूटही कळत नाही, मीटरही कळत नाही. त्याच्या लेखी ते नुसते आकडे. ‘युनिट्स’मध्ये नंतर मीटर निवडून काढलेली आकृती बदलत नाही, तिथेच बहुतेक जण अडकतात.

करायचं असं. फाइलची प्रत घ्या. सगळं निवडा, ‘स्केल’ कमांड द्या, बेस पॉइंट ०,० आणि फॅक्टर ०.३०४८. मग ‘डिस्ट’ने लांब बाजू मोजा. १८० मीटरच्या आसपास आली तर बरोबर. फूट-इंचांच्या आर्किटेक्चरल युनिटमध्ये काढलं असेल तर एक युनिट म्हणजे एक इंच, तेव्हा फॅक्टर ०.०२५४ लागेल. म्हणून आंधळेपणाने स्केल करू नका, आधी एक माहितीतली बाजू मोजून बघा. स्केल केल्यावर अक्षरं आणि हॅच पॅटर्नही (आकृतीत भरलेल्या रेघा) लहान होतात, ते पुन्हा नीट लावा.

तुमचं १७.४१ भागिले १०.७६४ म्हणजे १.६१७ हेक्टर. सातबाराशी फरक पाव ते अर्ध्या आरचा. टेपच्या मोजणीसाठी ही फार चांगली जुळणी आहे. फक्त तुलना सातबारावरच्या एकूण क्षेत्राशी करा. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा तिथे वेगळे लिहिलेले असतात. नुसतं लागवडीयोग्य धरलं तर नसलेली चूक दिसेल.

जुना फाळणी नकाशा हाती आला तर मापं साखळी-आण्यांत असू शकतात. साखळी ३३ फुटांची, आणे १६. साखळी-चौरस म्हणजेच १०८९ चौरस फूट, आपला गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर.

आणि हद्दीची रेषा एकसंध बंद पॉलिलाइन हवी. ‘पीएडिट’ने जोडा, ‘क्लोज’ करा, त्याआधी ‘ओव्हरकिल’ चालवा म्हणजे एकावर एक पडलेल्या रेषा निघतील. कोपऱ्यात दोन मिलिमीटरची फट राहिली तरी क्यूजीआयएसमध्ये बहुभुज तयार होत नाही.

उत्तर २: तापीकाठ_जीआयएस

समुद्राचं कारण सोपं आहे, आणि एका परीने ती चांगली खूण आहे. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणारी पद्धत. तिच्या झोन ४३ मध्ये ७५ अंश पूर्व रेखांशाला ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) ५,००,००० धरतात आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) विषुववृत्तापासून मोजतात. म्हणजे ०,० हा बिंदू विषुववृत्तावर, ७५ रेखांशाच्या पश्चिमेला सुमारे ५०० किलोमीटर. तो मालदीवच्या पश्चिमेलाच पडतो. सीआरएस तुम्ही बरोबर दिलाय, शेताला खरे निर्देशांकच दिले नाहीत. कॅडमध्ये ०,० पासून काढलं, तर ते ०,० लाच दिसणार.

खानदेशातल्या ढोबळ खुणा पाठ ठेवा, चूक एका नजरेत पकडता येते. नंदुरबार आणि धुळे ७५ अंशांच्या पश्चिमेला, तिथे ईस्टिंग पाच लाखांच्या आत. धुळे सुमारे ४ लाख ७७ हजार. जळगाव पूर्वेला, सुमारे ५ लाख ५९ हजार. चोपडा ५ लाख ३० हजारांच्या आसपास आणि नॉर्दिंग साडेतेवीस लाख. यापेक्षा भलतं काही दिसलं की पुढे जाऊ नका.

जागेवर बसवायला ऑटोकॅडमधली ‘अलाइन’ पुरे. दोन एकमेकांपासून लांबचे कोपरे घ्या, शक्यतो कर्णावरचे. पहिला कोपरा, त्याचा यूटीएम निर्देशांक, दुसरा कोपरा, त्याचा निर्देशांक, तिसऱ्याला एंटर. मग तो विचारतो, मापही बदलू का? तिथे नाही म्हणा. हो म्हटलंत तर निर्देशांकातली चूक शेताच्या क्षेत्रात शिरते.

मग तिसरा आणि चौथा कोपरा तपासा. ते किती हुकतात तीच तुमच्या कामाची खरी अचूकता, आणि तो आकडा अहवालात लिहा.

निर्देशांक कशाने घ्यायचे हे महत्त्वाचं. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या शिवारातही ३ ते ५ मीटर इकडेतिकडे होतो. ९० मीटर रुंदीच्या शेतात तो फरक डोळ्यांना दिसतो. उपग्रह चित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं. कॉलेजकडे आरटीके रोव्हर (दुरुस्ती घेऊन अचूक जागा सांगणारं जीपीएस यंत्र) असेल आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यावरून (कायम चालू असलेली जीपीएस केंद्रं) दुरुस्ती मिळत असेल तर काही सेंटिमीटरांत काम होतं. नसेल तर बांधाचे कोपरे चित्रावरून घ्या, पण तसं स्पष्ट लिहा.

उत्तर ३: नकाशावाला_नंदुरबार

अलाइनची गरज काय? क्यूजीआयएस ३.२६ पासून जिओरेफरन्सर (नकाशा खऱ्या निर्देशांकांवर बसवणारं साधन) वेक्टर, म्हणजे रेषा-बिंदूंची, फाइलही घेतो. चार कोपरे द्या, झालं.

उत्तर ४: तापीकाठ_जीआयएस

घेतो, पण ट्रान्सफॉर्मेशन (बसवण्याची गणिती पद्धत) कोणतं निवडता त्यावर सगळं आहे. पॉलिनॉमियल १ ला किमान ३ बिंदू लागतात, आणि तो आकृती तिरकी ताणतो. पॉलिनॉमियल २ ला ६ लागतात, तो रेषा वाकवतो. थिन प्लेट स्प्लाइन दिलेल्या प्रत्येक बिंदूवर तंतोतंत बसतो, म्हणून त्यात चूक शून्य दिसते आणि माणूस फसतो. स्कॅन केलेल्या जुन्या गावनकाशाचा कागद ताणला-आकसलेला असतो, तिथे पॉलिनॉमियल योग्य. टेपने मोजलेलं शेत ताणायचं कारणच नाही. जिओरेफरन्सरच वापरायचा तर हेल्मर्ट घ्या. तो फक्त सरकवतो, फिरवतो आणि सगळीकडे सारखंच माप बदलतो. बदललेलं माप १ पासून किती लांब गेलं ते बघा.

इथे एक बारकावा. यूटीएमच्या मधल्या रेषेजवळ मापक ०.९९९६ असतो. म्हणजे जमिनीवरचे १८० मीटर यूटीएममध्ये सुमारे ७ सेंटिमीटर कमी भरतात. ही चूक नव्हे. क्षेत्राचंही तसंच: सपाट क्षेत्र आणि लंबगोलावरचं (पृथ्वीच्या गोलसर आकारावरचं) क्षेत्र यांत हेक्टरी सात-आठ चौरस मीटरचा फरक पडतो, तुमच्या शेताला बारा-तेरा. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ‘डॉलर-एरिया’ प्रोजेक्टच्या सेटिंगप्रमाणे लंबगोल धरतो, तर ‘एरिया’ फंक्शन सपाट. दोन विद्यार्थ्यांची उत्तरं वेगळी आली की भांडण बहुतेक यावरूनच असतं.

साठवताना शेपफाइलऐवजी जिओपॅकेज वापरा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. म्हणजे ‘गटक्रमांक’ हे नाव तीन चिन्हांवर तुटतं. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये कॅडवर लिहिलेली मराठीही इकडे आल्यावर अगम्य होते. कॅडमध्येच मंगल किंवा निर्मला फॉन्ट लावून युनिकोडमध्ये लिहा.

उत्तर ५: केळीबाग_रावेर

ठिबकच्या आखणीचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. प्रोजेक्टमध्ये गुण तिथेच कापले जातात. १८० मीटर लांबीची एकच नळी टाकून दाखवतात, आणि तसं शेतात चालतच नाही. शेवटच्या झाडापर्यंत दाब राहत नाही.

१६ मिमीची इनलाइन (ड्रिपर आतच बसवलेली) नळी, दर ६० सेंमीला ताशी ४ लिटरचा ड्रिपर, ओळींत अंतर १.८ मीटर धरू. ९० मीटर रुंदीत ५० ओळी. लांबीत ४५ आणि १३५ मीटरवर दोन सबमेन (मुख्य पाइपातून निघणाऱ्या उपवाहिन्या) आडव्या टाका, प्रत्येकीतून दोन्ही बाजूंना ४५-४५ मीटरच्या नळ्या. एकूण २०० नळ्या, ९,००० मीटर. पडताळा सोपा: १६,२०० भागिले १.८ म्हणजे ९,०००. एका नळीवर ७५ ड्रिपर, ताशी ३०० लिटर. सगळं एकदम सोडलं तर ताशी ६०,००० लिटर लागतील, तेवढं पाणी मोटार देत नाही. प्रत्येक सबमेन मधोमध तोडून चार व्हॉल्व्ह करा, एका पाळीला ताशी १५,००० लिटर.

कॅडमध्ये एक नळी काढून ‘ॲरे’ करा. मेन, सबमेन, नळी, व्हॉल्व्ह असे चार वेगळे लेयर ठेवा, म्हणजे क्यूजीआयएसमध्ये लेयरनुसार लांबीची बेरीज करून साहित्याची यादी आपोआप निघते. ही यादी हाताने केलेल्या हिशोबाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर बहुतेक वेळा एकावर एक दोन रेषा असतात.

उतारासाठी उपग्रहाचा ३० मीटरचा उंची-नकाशा घेऊ नका. तुमच्या शेतात लांबीत ६ आणि रुंदीत ३, म्हणजे फक्त १८ चौकोन बसतात. त्यावरून काढलेल्या समोच्च रेषा दिसायला छान, उपयोगाला शून्य. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन १५ मीटरच्या जाळीवर वाचनं घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

उत्तर ६: फ्रेम_पंचवीस

ब्लेंडरच्या रेषा का थरथरतात ते बघा. ऑटोकॅड आकडे डबल प्रिसिजनमध्ये (जास्त अंकांपर्यंत अचूक) ठेवतं, ब्लेंडर बिंदूंचे निर्देशांक सिंगल प्रिसिजनमध्ये (कमी अंकांपर्यंत). त्यात २४ बिटांची जागा. साडेतेवीस लाख हा आकडा २०,९७,१५२ च्या पुढचा, तिथे दोन लगतच्या आकड्यांतलं अंतर ०.२५ मीटर होतं. म्हणजे प्रत्येक बिंदू जवळच्या पाव मीटरवर ओढला जातो. १६ मिमीची नळी तिथे कशी टिकणार? फाइलची वेगळी प्रत करून कॅडमध्येच ‘मूव्ह’ने ईस्टिंगमधून ५,३०,००० आणि नॉर्दिंगमधून २३,४९,००० वजा करा, मग ब्लेंडरमध्ये न्या. वजा केलेले आकडे लेयरच्या नावात किंवा एखाद्या कोपऱ्यात मजकूर म्हणून लिहून ठेवा. ते हरवले तर शेत पुन्हा जागेवर नेता येत नाही. उरलेले आकडे अजून काही शेंचे असतील, ते चालतात.

कॅमेऱ्याचा ‘क्लिप एंड’ (यापलीकडचं कॅमेरा दाखवत नाही) किमान ५०० मीटर ठेवा. तो कमी असेल तर शेताचं लांबचं टोक कापलं जाईल.

१.८ बाय १.५ मीटरवर तुमच्या शेतात ६,००० झाडं बसतात. एका झाडाला ५,००० पृष्ठं धरली तर ३ कोटी. ‘शिफ्ट-डी’ने खऱ्या प्रती केल्या तर ८ जीबी रॅमचा संगणक तिथेच बसतो. ‘ऑल्ट-डी’ किंवा जिओमेट्री नोड्समधून इन्स्टन्स करा, म्हणजे झाडाचा आकार मेमरीत एकदाच राहतो. दोन-तीन वेगळी झाडं करून उंची आणि फिरण्यात थोडा फरक ठेवा. सगळी केळी एकसारखी दिसली की बाग खोटी वाटते.

वेळेचा हिशोब: ३० सेकंद, २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम. सायकल्समध्ये (ब्लेंडरची अचूक पण संथ रेंडर पद्धत) फ्रेमला ३ मिनिटं लागली तर साडेसदतीस तास. म्हणून आधी तीन-चार फ्रेम रेंडर करून सरासरी काढा, त्यावर ठरवा. सॅम्पल १२८ वर आणून डीनॉइज (चित्रातले ठिपके काढणं) लावा, किंवा ईव्हीमध्ये (ब्लेंडरचीच वेगवान रेंडर पद्धत) करा. शेत दाखवायला ईव्ही पुरतं.

लाइटसाठी एकच नियम: थेट एमपी४ कधीच नाही. फाइल बंद होण्याआधी लाइट गेली तर सगळं गेलं. पीएनजी फ्रेम काढा, ‘ओव्हरराइट’ (झालेल्या फ्रेमवर पुन्हा लिहिणं) बंद, ‘प्लेसहोल्डर्स’ (चालू फ्रेमची रिकामी फाइल आधी बनवणं) चालू. लाइट आल्यावर फोल्डरमधली शून्य बाइटची फाइल शोधून काढून टाका (लाइट गेली तेव्हा चालू असलेल्या फ्रेमची असते) आणि रेंडर पुन्हा चालू करा. झालेल्या फ्रेम तो सोडून देतो. शेवटी व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये जोडा. प्लेसहोल्डरमुळे दोन-तीन संगणक एकाच सामायिक फोल्डरवरही लावता येतात.

पाटचारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ०.३०४८ ने स्केल केल्यावर लांब बाजू १७९.८ मीटर आली. अलाइन केल्यावर तिसरा कोपरा ०.९ मीटरने आणि चौथा १.१ मीटरने हुकतोय, निर्देशांक उपग्रह चित्रावरून घेतलेत. हे चालेल का? आणि सातबाराशी जो थोडा फरक उरतो, तो नकाशावर कसा लिहायचा?

आरेखक_धुळे

चित्रावरून घेतलेल्या बिंदूंना एक मीटर चालेल. दोन्ही कोपरे एकाच दिशेला हुकत असतील तर तुमचं शेत किंचित सरकलंय, अलाइनसाठी दुसरा कर्ण घेऊन बघा. वेगवेगळ्या दिशांना हुकत असतील तर शेत किंचित फिरलंय किंवा चौकोन झुकलाय, टेपची मोजणी तपासा. चार बाजू मोजल्या आणि कर्ण मोजला नाही, तर चौकोन कसाही झुकू शकतो. किमान एक कर्ण मोजलेला हवाच.

नकाशावर दोन्ही क्षेत्रं लिहा: ‘अभिलेखानुसार १ हे. ६२ आर’ आणि ‘प्रत्यक्ष मोजमापानुसार’ तुमचं. खाली टीप टाका की हा नकाशा शैक्षणिक व ठिबक आखणीसाठी आहे, हद्द ठरवण्यासाठी नाही. हद्दीची मोजणी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयामार्फत होते. बांधावरून शेजाऱ्याशी वाद असलेलं शेत असेल तर प्रोजेक्टला दुसरं शेत घ्या.